आजारी पडल्यावर मेडिकल सर्टिफिकेट कधी, कुठून आणि कसं घ्यायचं: नवीन नोकरीला लागलेल्यांसाठी

भोसरी एमआयडीसीत टाइम ऑफिसला बसून मला आता चौदा वर्षं होतील. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, खाडे सगळं माझ्याच टेबलावरून पुढे पगाराला जातं. दर महिन्याला मस्टर (हजेरीपट) बंद झालं की दोन-तीन पोरं समोर येऊन उभी राहतात, साहेब मी खरंच आजारी होतो, मग पैसे का कापले. आणि ती खरंच आजारी असतात हो, चेहरा बघूनच कळतं. पगार जातो तो तारखांमुळे. गैरहजेरी ३ तारखेपासून, डॉक्टरकडे गेला ७ ला, सर्टिफिकेट आणलं ११ ला, आणि त्यावर लिहिलंय ३ पासून विश्रांती. असा कागद मी पुढे पाठवला तरी अकाउंट्सवाले परत पाठवतात आणि त्यांचंही चुकतं असं मला म्हणता येत नाही.

माझ्याबरोबरही हे झालेलं आहे म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. पहिल्या नोकरीत मला टायफॉइड झाला होता, खोलीवर नऊ दिवस पडून होतो. रूम पार्टनरने सुपरवायझरला तोंडी सांगितलं, त्याने हो म्हटलं आणि विसरला, मी चौथ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो, केस पेपर कुठेतरी हरवला आणि दहाव्या दिवशी एक सर्टिफिकेट लिहून घेऊन गेलो. नऊचे नऊ दिवस बिनपगारी. त्या महिन्यात घरी पैसे पाठवता आले नाहीत. तेव्हा मला कोणी बसवून सांगितलं असतं की बाबा असं असं कर, तर निम्मं तरी वाचलं असतं. ते आता मी सांगतो.

आधी हे बघा, तुमची रजा कुठल्या नियमात बसते

बऱ्याच जणांना वाटतं की सिक लिव्ह हा सगळीकडे कायद्याने मिळणारा हक्क आहे आणि नियम सगळीकडे सारखा आहे. तसं नाहीये. महाराष्ट्रात ऑफिस, दुकान, आयटी कंपनी, हॉटेल वगैरेंना जो २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे म्हणजे आपली सीएल, ती तिमाहीला थोडी थोडी खात्यात जमा होते आणि वर्षाअखेर नाही वापरली तर जाते. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे १ पगारी रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. पण सिक लिव्ह म्हणून वेगळा आकडा त्या कायद्यात नाही. तुमच्या कंपनीत ६ किंवा ८ किंवा १२ एसएल म्हणजे सिक लिव्ह देत असतील तर ती कंपनीची पॉलिसी आहे आणि मेडिकल कधी द्यायचं हेही त्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं. छोट्या दुकानांना तर हा कायदा पूर्ण लागतही नाही, तिथे मालकाशी काय बोलणं झालंय तेच खरं.

म्हणून जॉइन झालात की पहिल्या आठवड्यातच, बरे असताना, एचआरला चार गोष्टी विचारून घ्या. किती दिवसांच्या पुढे सर्टिफिकेट लागतं (बऱ्याच ठिकाणी सलग २ किंवा ३ दिवसांच्या पुढे मागतात, एक दिवसाला सहसा नाही), प्रोबेशनमध्ये एसएल मिळते का, मधे रविवार किंवा सुट्टी आली तर ती रजेत धरतात का म्हणजे सँडविच लावतात का, आणि कागद कोणाकडे किती दिवसांत द्यायचा. उत्तर मेलवर घ्या, नाहीतर पॉलिसीच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. तापाने फणफणत असताना हे शोधायची ताकद नसते माणसात.

मग पगाराच्या स्लिपवर बघा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) कापतात का. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल (दिव्यांग असाल तर २५,०००) आणि कंपनीला ईएसआय लागू असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात. कापत असतील तर तुमचा रस्ता वेगळा आहे, तो खाली नीट सांगितलाय, ते वाचल्याशिवाय प्रायव्हेट डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन गप्प बसू नका.

आणि ठेकेदाराकडून लागला असाल तर एवढं लक्षात ठेवा की कागदावर तुमचा मालक ठेकेदार आहे. मेडिकल त्याच्याकडे द्यायचं पण एक कॉपी कंपनीच्या टाइम ऑफिसलाही द्या, कारण हजेरी गेटवर लागते आणि पगार ठेकेदार काढतो आणि या दोघांच्या मधे कागद हरवलेले मी किती बघितलेत त्याला गणती नाही.

आजारी पडलात त्या दिवशी सकाळी

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कळवा. फोन करा, आणि फोन झाल्यावर लगेच मेसेज पण टाका, कारण फोनचा पुरावा राहत नाही. मेसेज लांब लिहायची गरज नाही, एवढं पुरे:

"नमस्कार सर, मला कालपासून ताप आहे, आज ४ तारखेच्या फर्स्ट शिफ्टला येऊ शकत नाही. दुपारपर्यंत डॉक्टरकडे जातोय, किती दिवस लागतील ते दाखवून आल्यावर कळवतो. टोकन नंबर अमुक."

तारीख आणि शिफ्ट लिहा हं, नुसतं "आज येत नाही" लिहिलं तर पुढच्या महिन्यात कोणालाच आठवत नाही आज म्हणजे कधी. मेसेज सुपरवायझरला आणि एचआरला किंवा टाइम ऑफिसला, दोघांनाही. आयटीवाल्यांनी मेल टाका आणि पोर्टलवर रजा लगेच टाकता येत असेल तर टाका, नंतर टाकू म्हटलं की महिना बंद होतो. एकटे राहत असाल आणि उठायची ताकद नसेल तर खोलीवरच्या कोणाला तरी तुमच्याच फोनवरून मेसेज करायला सांगा. तुमच्या नंबरवरून गेलेला मेसेज तुमचा असतो, मित्राने तोंडी सांगितलेलं कोणाचंच नसतं.

दुसऱ्या दिवशीही येत नसाल तर परत कळवा. एकदा सांगितलं म्हणजे झालं असं नाही. कारखान्यांच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कामगारांच्या नोकरीचे सरकारी नमुना नियम) रजा न घेता सलग १० दिवसांच्या वर गैरहजर राहणं हे गैरवर्तन धरलेलं आहे. म्हणजे कंपनीच्या चार्जशीटपर्यंत गोष्ट जाते, आणि ती टाळायची पहिली पायरी म्हणजे दोन ओळींचा मेसेज.

डॉक्टरकडे: पहिल्याच दिवशी जा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपल्याकडे सवय अशी की आधी मेडिकलवाल्याकडून गोळी घ्यायची, दोन दिवस बघायचं, उतरला नाही ताप तर मग दवाखाना. तब्येतीचं तुम्ही ठरवा, पण पगाराच्या दृष्टीने सांगतो की डॉक्टरने ज्या दिवशी तुम्हाला तपासलं तिथून पुढचाच काळ तो छातीठोक लिहू शकतो. आधीचे दिवस त्याने बघितलेलेच नाहीत. प्रामाणिक डॉक्टर फार तर असं लिहील की रुग्णाच्या सांगण्यानुसार ३ तारखेपासून ताप, मी ५ तारखेला तपासलं, ५ ते ९ विश्रांतीची गरज. आणि असं लिहून घ्यायला लाजू नका, हा खरा कागद आहे, आमच्याकडे असं आलं आणि ३ ला तुमचा मेसेजही असला तर दोन्ही जुळवून साहेबांकडून मंजूर करून घेता येतं. मागची तारीख टाकून द्या म्हणून डॉक्टरच्या मागे लागणं मात्र करू नका. तुम्हीही अडकता, तोही अडकतो, त्याचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं खोट्या सर्टिफिकेटसाठी.

डॉक्टर कोण हेही बघा. रजिस्टर्ड हवा. महाराष्ट्रात एमबीबीएस आणि त्यावरचे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असतात, बीएएमएसवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीवाल्यांची त्यांची वेगळी कौन्सिल आहे, दाताच्या डॉक्टरांची दंत परिषद. काही कंपन्या पॉलिसीत लिहितात की इतक्या दिवसांच्या वर एमबीबीएसचंच हवं, ते आधी बघून घ्या, कारण गल्लीतले आपले बीएएमएस डॉक्टर कितीही चांगले असले तरी पॉलिसीत तसं असेल तर आमच्या हातात काही राहत नाही. व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरचं चालतं का हे कंपनीला विचारूनच घ्या, काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात.

पहिल्याच भेटीत केस पेपर किंवा प्रिस्क्रिप्शनवर नाव, तारीख आणि तपासणी लिहून घ्या. सर्टिफिकेट लगेच मागायची घाई नाही, किती दिवस लागतील हे डॉक्टरला तरी कुठे माहीत असतं, पण केस पेपर त्या दिवशीचाच हवा. औषधाचं बिल, रक्ताचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत टाका आणि घरी आल्या आल्या फोटो काढा. पावसाळ्यात खिशातला कागद भिजतो, शाई पसरते, तारीखच जाते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, अशी दोन सर्टिफिकेटं माझ्या फायलीत आत्ताही आहेत.

सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा

माझ्या टेबलावर सर्टिफिकेट आलं की मी आजाराकडे शेवटी बघतो. आधी नाव, हजेरीच्या रेकॉर्डला आहे तसंच आहे का. आमच्याकडे एकाचं नाव आधारवर ज्ञानेश्वर आणि सर्टिफिकेटवर माऊली असं आलं होतं, डॉक्टर गावातला, त्याला त्याच नावाने ओळखत होता. मग तारखा. कधी तपासलं, कधीपासून कधीपर्यंत विश्रांती, आणि कागद कोणत्या तारखेला लिहिला, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही हव्यात. "३ दिवस आराम" एवढंच लिहिलेलं असेल तर परत फिरा आणि तारखा लिहून घ्या. मग डॉक्टरची सही, शिक्का, शिक्क्यात डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर. हा नंबर बहुतेक वेळा सगळ्यात खाली असतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत नेमका तोच कापला जातो, कागद टेबलावर सपाट ठेवून चारी कोपरे दिसतील असा फोटो काढा.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे जे २००२ चे नियम आहेत त्यात रजेच्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलेला आहे, आणि त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण लिहायची असते, म्हणजे उजव्या गालावर तीळ, डाव्या हातावर जुनी खूण असं काहीतरी. डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं आणि कॉपी स्वतःकडे ठेवायची हेही त्यात आहे. त्यामुळे डॉक्टरने सही करा म्हटलं तर घाबरू नका, ते बरोबर करतायत. आणि कागद हरवला तर त्यांच्या रजिस्टरवरून परत मागता येतो, सरळ जाऊन विचारा.

ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड हा सगळ्यात भक्कम कागद, त्यावर भरती आणि सोडल्याची तारीख असते. पण सोडल्यानंतर घरी किती दिवस आराम ते कार्डवर लिहिलंय का बघा. बरेचदा नुसतं फॉलोअप ७ दिवसांनी असं असतं आणि मग ते ७ दिवस लटकतात.

ईएसआय कापत असेल तर

इथे जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथे आहेत आणि माहिती नसल्यामुळे लोक सोडून देतात.

ईएसआयवाल्याला आजारपणात कंपनीने सिक लिव्ह नाही दिली तरी ईएसआयकडून रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यासाठी सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, म्हणजे तुमची नेमून दिलेली डिस्पेन्सरी, ईएसआयचं हॉस्पिटल किंवा त्यांच्या पॅनलवरचा डॉक्टर. आजारी पडलात त्या दिवशी ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) आणि आधार घेऊन तिथे जा. ते पहिलं सर्टिफिकेट देतात, आजार लांबला तर मधलं, आणि बरे झालात की फायनल, ज्यावर कामाला जायला फिट असं असतं. पहिलं घेतलं आणि फायनल आणायलाच गेला नाही असं फार होतं, मग दावा अडकून पडतो. पैशाचा दावा ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला किंवा पोर्टलवर करायचा, पैसे थेट बँकेत येतात, म्हणून बँक खातं जोडलंय का ते आजच बघा.

पहिले २ दिवस कोरडे जातात, त्याचे पैसे नसतात. समजा तुमची रोजची सरासरी ६०० रुपये आणि सर्टिफिकेट ५ दिवसांचं, तर २ सोडून ३ दिवसांचे ४२० प्रमाणे १,२६० मिळतील. पण आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत परत आजारी पडलात तर हे २ दिवस कापत नाहीत. आणि ज्या दिवसांचा पगार कंपनी देते त्याच दिवसांचे ईएसआयकडून घ्यायचे नाहीत, दोन्हीकडून घेतलं तर वसुली लागते. कंपनीकडून त्या दिवशी गैरहजर होता याची खात्री केली जाते, ती माझ्यासारखाच कोणीतरी भरून देतो.

आता नवीन पोरांसाठी महत्त्वाचं. उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात पण आजारपणाचे रोख पैसे लगेच सुरू होत नाहीत. पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आला असाल तर साधारण ९ महिने जावे लागतात, जूनमध्ये लागलात तर मार्चच्या आसपास. नंतर सहा-सहा महिन्यांचा हिशोब असतो, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणून नवीन असताना आजारी पडलात तर तुमचा आधार म्हणजे सीएल आणि कंपनीची एसएल, हे धरूनच चाला. टीबी, कॅन्सर असे लांबचे आजार ईएसआयच्या यादीत आहेत, एकूण ३४, त्यात ८० टक्के आणि बराच जास्त काळ मिळतात, पण त्यासाठी वर्गणीची अट मोठी आहे, ब्रांचला जाऊन विचारा.

रात्री अचानक छातीत दुखलं, अपघात झाला आणि जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला न्यावं लागलं तर न्याच, ईएसआय शोधत बसू नका. फक्त घरच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डिस्पेन्सरीला किंवा ब्रांचला कळवायचं आणि सगळे कागद ठेवायचे. विशेष परिस्थितीत ईएसआय दुसरा पुरावाही मान्य करतं, पण तो त्यांच्या डॉक्टरकडून तपासला जातो, म्हणून अर्ज लवकर आणि लेखी.

कायद्याचं एक सांगून ठेवतो. १९४८ च्या ईएसआय कायद्यात कलम ७३ होतं की आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने कामावरून काढायचं नाही किंवा शिक्षा करायची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. वाद झालाच तर चालू कलम कामगार कार्यालयातून किंवा युनियनकडून विचारून घ्या, जुन्या कलमाचा नंबर घेऊन भांडायला जाऊ नका.

मशीनवर लागलं असेल तर सिक लिव्ह टाकू नका

हे मी हात जोडून सांगतो. प्रेसवर बोट गेलं, पायावर जॉब (मशीनवर चालू असलेला तुकडा) पडला, आणि सुपरवायझर म्हणतो दोन दिवस एसएल टाक, रिपोर्ट नको करायला. ऐकू नका. कामावर झालेली दुखापत हा आजार नाही. ईएसआयमध्ये त्याचे ९० टक्के मिळतात, नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी, ९ महिन्यांची आणि ७८ दिवसांची कुठलीच अट नाही, आणि बोट कायमचं अधू झालं तर पुढे पेन्शनसारखी रक्कम. पण हे सगळं उभं राहतं ते त्या दिवशीच्या अपघाताच्या नोंदीवर. अपघात रजिस्टरमध्ये नोंद, कंपनीकडून ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट, आणि डॉक्टरच्या केस पेपरवर "कामावर असताना मशीनवर दुखापत" हे शब्द. घरी पडलो असं सांगू नका डॉक्टरला. एकदा घरी पडलो असं कागदावर आलं की नंतर कोणी बदलू शकत नाही. आमच्या लाइनवरच्या एका पोराने असं सांगितलं होतं, सुपरवायझरला वाईट वाटू नये म्हणून. त्याच्या करंगळीचं पुढचं पेर नाहीये आज, आणि त्याबद्दल एक रुपया मिळाला नाही.

परत जॉइन होताना

फिटनेस सर्टिफिकेट घ्या. काही दिवसांच्या वरच्या रजेला बहुतेक ठिकाणी लागतंच, आणि ऑपरेशन, फ्रॅक्चर, कावीळ, कांजिण्या, टीबी यात तर गेटवरच विचारतात. फिटनेसवरची तारीख विश्रांती संपली त्या दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची हवी. विश्रांती ९ पर्यंत, फिटनेस ९ चा, जॉइन १० ला, असं सरळ. विश्रांती ९ पर्यंत आणि फिटनेस १३ चा असेल तर १० ते १२ कुठे होतास हे विचारणारच. हलकं काम द्या असं डॉक्टरचं म्हणणं असेल तर तेही लिहून घ्या आणि किती आठवडे तेही, तोंडी सांगितलेलं लाइनवर चालत नाही.

मूळ कागद देताना आधी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सवर पोच घ्या, तारीख आणि सही. ही सवय एवढी एकच लावून घेतली तरी पुष्कळ. मेलने पाठवलात तर "मिळालं" एवढं उत्तर तरी मागा.

सरकारी नोकरीत लागला असाल तर

राज्य सरकारला महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ आहेत, केंद्राला १९७२ चे रजा नियम. तिथली भाषा वेगळी. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, आणि मेडिकल जोडलं तर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, पण मग १ दिवसाला खात्यातून २ दिवस वजा होतात. नवीन लागलेल्यांना हे माहीत नसतं आणि दोन वर्षांनी खातं बघून धक्का बसतो. सर्टिफिकेट ठरलेल्या नमुन्यात लागतं, शाखेतून नमुना घेऊनच डॉक्टरकडे जा. आणि मेडिकल जोडलं म्हणजे रजा मिळालीच असं नाही, मंजूर करणारे अधिकारी शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या वरच्या सरकारी डॉक्टरकडून दुसरं मत मागवू शकतात. मेडिकलवर रजा घेतली असेल तर फिटनेसशिवाय हजर करून घेत नाहीत, ते जोडूनच रुजू अहवाल द्या.

आजाराचं नाव किती सांगायचं

सुपरवायझरला कळायला हवं तुम्ही किती दिवस नाही. काय झालंय हे शिफ्टच्या ग्रुपवर टाकायची काहीही गरज नाही. मी बघितलंय, एका पोरीने घाईत ग्रुपवरच सोनोग्राफीचा रिपोर्ट टाकला, काढेपर्यंत वीस जणांनी बघितला, त्यानंतर ती महिनाभर कोणाशी नीट बोलली नाही. रिपोर्ट फक्त एचआरला किंवा कंपनीच्या डॉक्टरला, वेगळा, बंद पाकिटात किंवा मेलने. मानसिक आजाराच्या उपचारांची गुप्तता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने राखलेली आहे, आणि एचआयव्हीबद्दलही २०१७ चाच वेगळा कायदा आहे, स्टेटस सांगायला कंपनी भाग पाडू शकत नाही. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव नको असेल तर डॉक्टरशी मोकळेपणाने बोला, बरेच डॉक्टर साध्या शब्दांत लिहून देतात, आणि एचआरला जास्त हवं असेल तर त्यांनी तुम्हाला एकट्याला बोलावून विचारावं.

बायकांसाठी एक. गर्भपात झाला तर डॉक्टरचा पुरावा देऊन ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, ती सिक लिव्हमधून कापू देऊ नका. बाळंतपण किंवा गर्भपातातून पुढे आजारपण आलं तर आणखी १ महिन्यापर्यंत आहे. पोरी हे सांगायला संकोचतात आणि स्वतःची सीएल जाळतात. महिला एचआर असेल तर तिच्याशी बोला, नसेल तर लेखी द्या, आणि अर्जात रजेचं कारण न लिहिता फक्त "कायद्याप्रमाणे प्रसूती लाभातली रजा" असं लिहून कागद पाकिटात जोडा.

कागद घेतला नाही किंवा नाकारला तर

आधी शांतपणे विचारा काय कमी आहे. बऱ्याच वेळा रजिस्ट्रेशन नंबर किंवा तारीख राहिलेली असते, डॉक्टरकडे परत जाऊन होतं. तरी नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, देत नसतील तर तुम्हीच मेल टाका की अमुक तारखेला सर्टिफिकेट दिलं, अमुक कारण सांगून घेतलं नाही. कंपनीने त्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या म्हटलं तर जा, त्यात कमीपणा नाही, उलट तुमची बाजू पक्की होते. त्यानंतरही पगार कापला तर युनियन, आणि युनियन नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयातले सरकारी कामगार अधिकारी. जाताना मेसेज, केस पेपर, सर्टिफिकेट, पोच, पगाराची स्लिप असं तारखेप्रमाणे लावून न्या. आणि आजारी असताना कोणी राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करा म्हटलं तर करू नका, बरा झाल्यावर बघतो म्हणा.

गावी आजारी पडलात तर

गणपतीला, जत्रेला गावी गेला आणि तिथेच आडवा झाला, हे आमच्याकडे दर वर्षी होतं आणि साहेबांना पहिली शंका हीच येते की सुट्टी वाढवतोय. म्हणून गावी तर जास्तच नीट करा. रजा संपायच्या आधी कळवा, संपल्यावर नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार फुकट आहेत आणि तिथल्या केस पेपरवर तारीख आणि नोंदणी क्रमांक असतो, त्या कागदावर सहसा कोणी शंका घेत नाही. तिथले मेडिकल ऑफिसर दुपारनंतर फिरतीवर असतात बरेचदा, सकाळीच जा. ईएसआय असेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला त्यांचा दवाखाना आहे का विचारा, ई-पहचान कार्डावर तिथेही दाखवता येतं. कार्ड खोलीवर राहिलं असेल तर आयपी नंबर (तुमचा ईएसआयचा विमा नंबर) तरी फोनमध्ये हवा, दहा आकडी असतो, पगाराच्या स्लिपवर मिळेल. तो आत्ताच आईच्या किंवा बायकोच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.